आऊसाहेबांच्या मागे मागे

तुम्ही रायगड उतरताय. ज्येष्ठ वद्य नवमी, शके 1596. इंग्रजी तारीख 17 जून 1674. पाऊस धरून बसलाय, पायऱ्यांवरून पाण्याचे पाट वाहतायत आणि वाटेवरची सगळी माणसं एकाच दिशेने निघालीत. खाली, पाचाडला. आऊसाहेब, जिजाबाई, गेल्या. अकरा दिवसांपूर्वी याच वाटेने माणसं वर चढत होती, राज्याभिषेक बघायला. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन गडावर जाण्याआधी याच पाचाडात मुक्कामाला होता. आज कुणी कुणाला वाट विचारत नाही.

गडावरचा वारा आणि गारठा वयाला सोसेना, म्हणून महाराजांनी आऊसाहेबांसाठी पायथ्याशी हा वाडा बांधला. आत विहिरी आहेत. त्यातल्या एकीच्या काठाला पाठ टेकायला दगडाचाच तक्क्या घडवलाय. तक्क्याची विहीर म्हणतात तिला. आऊसाहेब इथे टेकून बसत, पाण्याला आणि बाजाराला आलेल्या बायकांशी बोलत, असं पाचाडकर पुढची साडेतीनशे वर्षं सांगत राहणार आहेत. ज्यांचा मुलगा छत्रपती झाला त्या 76 वर्षांच्या बाईंना भाजीचा भाव आणि कोणाच्या सुनेला कोणता महिना, हे ठाऊक असणं हा राज्यकारभाराचाच भाग असतो, हे मानायला आपले इतिहासकार जरा कचरतात.

आतल्या खोलीत जाऊ नका. तिथे घरची माणसं आहेत. सोळा-सतरा वर्षांचे संभाजीराजे आहेत. दोन वर्षांचे असताना त्यांची आई गेली आणि ते या आजीच्या हाताखाली वाढले. पुढे निश्चलपुरी गोसावी म्हणेल की राज्याभिषेकाचा मुहूर्तच चुकला, मातुश्री गेल्या हा त्याचाच पुरावा; आणि सप्टेंबरात पुन्हा एक, तांत्रिक पद्धतीचा अभिषेक होईल. शोकातही कुणीतरी आपलं शास्त्र पुढे सरकवतोच.

तुम्ही चौथीत ‘शिवछत्रपती’चं पुस्तक वाचलंय. त्यात आऊसाहेब मुलाला रामाच्या, कृष्णाच्या, भीमाच्या गोष्टी सांगतात. सांगितल्या असतीलच, गोष्ट न सांगणारी आई कुठे असते? पण नुसत्या गोष्टींनी राज्य उभं राहत असतं तर घराघरात छत्रपती झाले असते. या बाईंनी नेमकं काय शिकवलं, आणि त्या स्वतः ते कुठे शिकल्या, हे बघायचं तर मागे जायला हवं.

आठ वर्षं मागे. राजगड, 1666. मार्चच्या 5 तारखेला महाराज आग्र्याला निघालेत आणि नऊ वर्षांचा होऊ घातलेला नातू सोबत नेलाय. आदल्या वर्षी पुरंदरच्या तहात 23 किल्ले मोगलांना द्यावे लागले, 12 उरले. ते 12 किल्ले, उरलासुरला मुलूख आणि खजिना आता आऊसाहेबांच्या नजरेखाली आहे. मोरोपंत पिंगळे, निळोपंत, अण्णाजी दत्तो ही मंडळी त्यांना विचारून कामं करतायत. मे महिन्यात आग्र्याच्या दरबारात बिनसतं, पहारे बसतात. ही बातमी राजगडावर पोचायला किती दिवस लागले असतील, याचा विचार करा. आणि पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं असेल? रसद मोजली गेली असेल. गडाचे दरवाजे दिवेलागणीला लागले असतील. राजा कैदेत असताना राज्य कोसळलं नाही, कुणी किल्लेदार फितूर होऊन उठला नाही. यावर पोवाडा होत नाही, कारण यात काहीच घडत नाही. न घडू देणं हेच तर काम होतं.

मग महाराज परत येतात, एकटे. संभाजीराजांना वाटेत मथुरेला ठेवलेलं आहे आणि शत्रूने पाठलाग सोडावा म्हणून मुलगा वारल्याची आवई उठवलीय. आजीला खरं किती लवकर कळलं? कळलं असलं तरी पोर उंबऱ्यात येईपर्यंत तिने काय केलं असेल, ते ज्याच्या घरात आजी आहे त्याने ओळखावं.

आणखी मागे. जानेवारी 1665, महाबळेश्वर, सूर्यग्रहण. एका पारड्यात आऊसाहेब, दुसऱ्या पारड्यात सोनं. सोनोपंत डबिरांचीही तुला इथेच होते, म्हणजे आईच्या बरोबरीने घरचा वृद्ध मुत्सद्दीही तोलला जातो. थांबायला वेळ नाही.

1664. पुन्हा राजगड. कर्नाटकात होदिगेरेजवळ शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजे गेले, 23 जानेवारीला. सुरतेहून परतलेल्या महाराजांना गडावर आल्यावर दिसतं की आईने सती जायची तयारी केलीय. बखरकार सभासद लिहितो की महाराज आईच्या मांडीवर बसले, गळ्याला मिठी घातली, शपथ घातली आणि तिला थांबवलं. जवळजवळ चौतीस वर्षांचा, नुकतीच सुरत मारून आलेला राजा, आईच्या मांडीवर. चित्रकारांनी हा प्रसंग फारसा काढला नाही. घोड्यावरचा महाराज काढायला सोपा. पण या एका दुपारी विद्यार्थ्याने शिक्षिकेचा निर्णय फिरवला, आणि तिने तो फिरवू दिला. त्यानंतरची दहा वर्षं, आग्रा आणि राज्याभिषेक धरून, या एका ‘बरं’वर उभी आहेत.

1659. 5 सप्टेंबरला सईबाई जातात. जिजाबाईंच्या ओटीत दोन वर्षांचं पोर येतं आणि त्याच वेळी वाईकडे अफझलखानाचा तळ पसरलाय. हा नुसता विजापूरचा सरदार नाही. जिजाबाईंचा थोरला मुलगा संभाजी कनकगिरीला मारला गेला तेव्हाचा दोष बखरी याच खानाच्या माथी टाकतात. म्हणजे एका मुलाच्या मारेकऱ्याला भेटायला दुसरा मुलगा निघालाय. सभासद म्हणतो, आईने आशीर्वाद दिला आणि थोरल्याचं उसनं फेडून घे असं सांगितलं. 10 नोव्हेंबरला प्रतापगडाखाली काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. पुढच्या वर्षी पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडतो, तेव्हा कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त ही बाई स्वतः सैन्य घेऊन मुलाला सोडवायला निघते, नेताजी पालकर येऊन तिला थांबवतो. वय बासष्ट.

आता पुण्यात या, 1640 नंतरच्या दशकात. शहाजीराजे बेंगळूरला, दुसरा संसार तिकडे. इथे जिजाबाई, एक मुलगा आणि ओसाड गाव. 1630 सालच्या दुष्काळात माणसं गेली, आणि आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने गाव जाळून त्यावर गाढवाचा नांगर फिरवला. पायाखाली बघा: कुठे जळकं लाकूड, कुठे भिंतीचा ढिगारा, बाकी बाभळी. कसब्याचा गणपती जिजाबाईंनी पुन्हा उभा केला, अशी परंपरा आहे. सोन्याच्या नांगराची गोष्टही तुम्ही ऐकलीय. नांगर सोन्याचा होता की नव्हता, यात मला फार रस नाही. मला विचारावंसं वाटतं की त्याला जुंपलेले बैल कुणाचे होते, पळून गेलेल्या कुणब्याला परत येण्याचा कौल कुणी दिला, पहिल्या सालचा सारा किती धरला. वाड्याच्या सदरेवर हेच प्रश्न चाललेत. वतनाचे तंटे येतात, पाटलाच्या हक्कावर दोन भाऊबंद घसा फोडून भांडतात, आणि पडद्याआडून कुणीतरी ऐकतंय. शेजारी बसलेला मुलगाही ऐकतोय. शाळा म्हणतात ती हीच.

शिक्षक नक्की कोण, यावरून महाराष्ट्र भरपूर भांडला. दादोजी कोंडदेवांचा लाल महालातला पुतळा 2010 मध्ये हलवण्यापर्यंत मजल गेली. भांडणाऱ्यांनी निकालपत्रं जास्त वाचली असती तर बरं झालं असतं. 1646 च्या जानेवारीतलं एक पत्र आहे. रांझे गावच्या बाबाजी गुजर पाटलाने एका बाईशी बदअंमल केला, म्हणून त्याचे हातपाय तोडले आणि पाटीलकी काढून घेतली. हुकूम देणारा मुलगा सोळाचाही झालेला नाही. शिक्षा आजच्या मनाला क्रूर वाटेल. पण गावच्या पाटलाविरुद्ध बाईची तक्रार ऐकली जाते आणि तीवर पाटलाचं वतन जातं, हे त्या काळात कुणाला सुचलं असतं? ज्या घरात आईचा शब्द सदरेपर्यंत पोचतो, त्या घरात वाढलेल्याला.

इथून पुढे वाट अवघड आहे. 25 जुलै 1629, दौलताबाद. निजामशहाच्या दरबारात मुजऱ्याला आलेल्या जिजाबाईंच्या वडिलांवर, लखुजी जाधवरावांवर, दगा होतो. ते पडतात, त्यांचे मुलगे अचलोजी आणि राघोजी पडतात, नातू यशवंतराव पडतो. एकाच दरबारात, एकाच दिवशी. ही बातमी जिजाला कळते तेव्हा तिच्या पोटात दोन महिन्यांचं मूल आहे. ते मूल 19 फेब्रुवारी 1630 ला शिवनेरीवर जन्मेल. गर्भातल्या बाळावर आईच्या मनाचा परिणाम होतो की नाही, हे डॉक्टरांना विचारा. पण जन्मल्यानंतर कधी ना कधी त्या मुलाने विचारलंच असेल, ‘माझे आजोबा कुठं आहेत?’ त्या प्रश्नाचं उत्तर हाच त्याचा पहिला राजकारणाचा धडा.

तुम्हाला वाटेल, एका क्रूर सुलतानाने घात केला, एवढीच ही गोष्ट. आणखी पाच-सहा वर्षं मागे या, म्हणजे ती इतकी सोपी राहणार नाही. निजामशहाचा दरबार सुटलाय, सरदार बाहेर पडतायत, गर्दीत खंडागळ्यांचा हत्ती बिथरतो. जाधवांचा दत्ताजी हत्तीवर तुटून पडतो, भोसल्यांची पोरं खंडागळ्याच्या बाजूने उभी राहतात. बघता बघता हत्ती बाजूला राहतो आणि जाधव-भोसलेच एकमेकांवर तलवार उपसतात. शहाजीराजांचे चुलते विठोजी, त्यांच्या मुलाने, संभाजी भोसल्याने, दत्ताजीला मारलं. मग चिडलेल्या लखुजींनी त्या संभाजीला मारलं. मारामारीत शहाजीराजेही जखमी झाले. म्हणजे जिजाचा भाऊ तिच्या चुलतदिराच्या हातून गेला, तो चुलतदीर तिच्या बापाच्या हातून गेला, आणि नवरा जखमी. संध्याकाळी वाड्यावर बातमी आली असेल तेव्हा तिने कोणाच्या नावाने रडायचं? पुढच्याच वर्षी, 1624 मध्ये, भातवडीच्या लढाईत बाप मोगलांच्या बाजूला आणि नवरा निजामशाहीच्या मलिक अंबरच्या बाजूला. शहाजीराजांचे भाऊ शरीफजी तिथे पडले.

त्या सरदारांना दोष देणं सोपं आहे. प्रत्येकाला घोडदळ पोसायचं, जहागीर राखायची. त्यासाठी कुणा ना कुणाचं व्हावं लागे. निजामशहाचे, आदिलशहाचे, नाहीतर मोगलांचे. लखुजी या ना त्या बाजूला गेले-आले, ते काही स्वभावाने चंचल होते म्हणून नव्हे. पण सोयरीक, रक्त, शौर्य सगळं या ‘कुणाकडचे’च्या पायी सांडत होतं, आणि ते ज्यांच्या अंगणात सांडत होतं त्या बायकांना दरबारात बोलायची सोय नव्हती. जिजाला सोय नव्हती. मुलगा होता.

आता जिजाच्या माहेरी. दौलताबादेहून पूर्वेला निघा, जालना मागे टाका. आज समृद्धी महामार्गाने गेलात तर गाणं अर्धं ऐकून होण्याआधी सिंदखेड राजाचा फाटा येतो. तुमच्या घोड्याला दोन-तीन मुक्काम लागतील. काळी जमीन सुरू होते. आता इथे सोयाबीन आहे, तेव्हा ज्वारी, तूर, कापूस. पाऊस बेताचा, आणि जो पडतो तो धरून ठेवला नाही तर खडकपूर्णेतून निघून जातो. म्हणून इथल्या वतनदाराची ओळख वाड्यावरून करू नका, तलावावर चला. मोतीतलावाची भिंत अजून उभी आहे, शेताला पाणी देते. चांदणी तलावात मधोमध इमारत आहे. गावात पुतळा बारव आहे, शिल्पांनी मढवलेली. पायऱ्या उतरत गेलं की बाहेरचा आवाज वरच राहतो. ही सगळी जाधवांच्या काळातली मानतात. काळाकोट, रंगमहाल, राजवाडा बघायला लोक बुलढाण्याहून, जालन्याहून येतात, फोटो काढतात आणि तलावाकडे न जाताच परततात. मला ते चुकल्यासारखं वाटतं. पुण्याच्या ओसाडीत बाई बसली आणि डगमगली नाही, त्याची मुळं इथल्या तलावांच्या पाळूत आहेत.

बारवेच्या तोंडाशी एक म्हातारी घागर ठेवून बसलीय. तुमचे कपडे बघते, तोंड बघते. ‘कोन्या गावचे हाय जी? उन्हात काहून उभे? या, सावलीत तं या.’ तिला शके, सन काही ठाऊक नाही. पण वाड्यावरची लेक कुठंय विचारलंत तर हात करून दाखवील.

लेक सदरेच्या कोपऱ्यात आहे. सात-आठ वर्षांची. देवगिरीच्या यादवांचं कूळ सांगणाऱ्या घरची, म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी गेलेल्या राज्याची आठवण या घरात जेवणाखाण्यासारखी रोजची. लोणारचं दैत्यसूदनाचं देऊळ इथून लांब नाही, यादवांची देवळं वऱ्हाडात पावलोपावली. एकदा राज्य होतं, हे तिला पुस्तकातून शिकावं लागत नाही. पुढे बखरकार रंगपंचमीची गोष्ट सांगतील: मालोजींचा शहाजी आणि ही जिजा एकमेकांवर रंग उडवत होती, लखुजी हसत म्हणाले की जोडा छान दिसतो, मालोजींनी तो शब्दच धरून ठेवला. रंगमहालात तुम्हाला ती जागाही दाखवतील. गोष्ट गोड आहे. तिच्यात पोरीला कुणी विचारलं नाही, एवढंच माझ्या मनात राहतं. पण आत्ता ती सदरेवरचं बोलणं ऐकतेय: कुणाचं सैन्य कुठवर आलं, कोणत्या परगण्याचा वसूल थकला, नगरहून काय निरोप. नगरला चांदबीबीने किल्ला लढवला होता, आणि 1600 मध्ये ती आपल्याच माणसांच्या हातून मेली. या वाड्यात ते कितीदा बोललं गेलं असेल. बाई किल्ला लढवू शकते, आणि आपली माणसं बाईला मारू शकतात. दोन्ही तिने कान देऊन ऐकलं असणार.

गावाबाहेर लखुजींची समाधी आहे, पण तुम्ही ज्या सालात आहात त्यात ती अजून नाही. तो घुमट 1629 नंतरचा. 2024 मध्ये तिथे पुरातत्त्व खात्याचं काम चालू असताना जमिनीतून शेषशायी विष्णू निघाला. सिंदखेडात कुठेही खणा, काहीतरी जुनं वर येतं.

आता शेवटचा टप्पा. पौष पौर्णिमा, शके 1519; 12 जानेवारी 1598. दरवर्षी या तारखेला आज इथे लाखो माणसं येतात, रस्ते बंद होतात, लेझीम, भगवे फेटे, पुस्तकांची दुकानं. तुम्ही त्या पहिल्या रात्री आलात. पौष म्हणजे भाकड महिना, लग्नमुंज नाही. पण शेतात ज्वारी हुरड्याला आलीय, शेकोटीभोवती कणसं भाजतायत, आणि वाड्यात लखुजींच्या म्हाळसाबाई बाळंत होतायत. दोनच वर्षं झाली, पूर्वेकडचा वऱ्हाड मोगलांच्या घशात गेलाय. नगर अजून उभं आहे. हा वाडा मधे.

तुम्ही दारात पोचता तसा देवडीवरचा माणूस भाला आडवा घालतो. त्याने सकाळपासून नको तितक्या लोकांना हेच विचारलंय.

‘कुणाकडचे?’

तुम्ही विचार करता. निजामशहाकडचे म्हणावं? मोगलांकडचे? पाचाडहून आलो म्हणालात तर त्याला कळणार नाही. पाचाडला त्याच्या लेखी अजून काहीच नाही. शेवटी तुम्ही म्हणता, ‘जाधवरावांकडचा.’

‘ते आज आहेत खरे,’ तो म्हणतो. ‘पण जाधवराव कुणाकडचे राहतील ते उद्या मला विचारू नका.’ एवढ्यात आतून ओरडा होतो, मुलगी झाली, आणि मागून कुणीतरी परात घेऊन धावत येतं. हत्तीवरून साखर वाटली असं लोक पुढे सांगणार आहेत. हत्ती काही तुम्हाला दिसत नाही, परात दिसते. देवडीवाला भाला भिंतीला टेकवतो. ‘चला, आज कुणाला विचारायचं नाही,’ म्हणतो, आणि मूठभर साखर आधी तुमच्या हातावर ठेवतो, मग स्वतःच्या तोंडात टाकतो.